मैंदर्गीचे अठ्ठावीस किलोमीटर

बुवांनी त्या शनिवारी निरूपणाला क्षमा घेतली होती. दीड तास नुसती क्षमा. एकनाथराव नेहमीसारखे पहिल्या रांगेत, पेटीवाल्याच्या डाव्या हाताला मांडी घालून बसलेले. उत्तररंगात बुवांनी अशी काही कथा लावली, की एकनाथरावांच्या उपरण्याचं टोक ओलं झालं. आरती झाली, कपाळी बुक्का लागला, हातावर खडीसाखर पडली. मग देवळाच्या पायरीवर बसून एका पायात चप्पल सरकवत त्यांनी फोन चालू केला.

दुसरी चप्पल पायात जायच्या आधीच क्षमा कुठल्या कुठं गेली होती.

‘चाकोरी’वर एकशे चौदा मेसेज आले होते. चाकोरी हा सोलापूरच्या सायकलवाल्यांचा ग्रुप. माणसं दोनशेच्या आत-बाहेर. निम्मी शहरातली, बाकीची माढा, जेऊर, अक्कलकोट, मैंदर्गी अशी विखुरलेली. बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. पण सकाळी सायकल मारायची, फोनातल्या अ‍ॅपनं काढलेला नकाशा ग्रुपवर टाकायचा आणि दिवसभर एकमेकांची पाठ थोपटायची, हा नेम कुणाचा चुकायचा नाही. महिन्याच्या शेवटी सोमेश सगळ्यांच्या किलोमीटरचा ‘फळा’ लावायचा. सोमेश म्हणजे ग्रुप काढणारा. जुळे सोलापुरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारा तरुण, आकड्यांच्या बाबतीत अगदी सोवळा.

त्याच सोमेशनं लिहिलं होतं :

“मैंदर्गीच्या चन्नप्पा अण्णांचा गुरुवारचा व्हॉइस मेसेज सगळ्यांनी नीट ऐका. वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं. नकाशात अण्णा तेव्हा ताशी एकोणीसच्या वेगानं अक्कलकोटकडे निघालेत. आणि मेसेजमध्ये मागं कुकरची शिट्टी वाजतेय. एकदा नाही, तीनदा. चालत्या सायकलवर डाळ शिजते का?”

खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. कुणी लिहिलं होतं, कॅरिअरवर शेगडी ठेवली असेल. कुणी लिहिलं होतं, चौथ्या शिट्टीला उतरले असतील. एका शहाण्यानं तर कुकरचं चित्रच टाकलं होतं, त्याला दोन चाकं जोडून. आणि चन्नप्पा गप्प. मेसेज त्यांनी वाचलेले दिसत होते, उत्तर मात्र नव्हतं.

एकनाथरावांच्या कानशिलं तापली. ते एका बोटानं टाइप करायचे, तेही चष्मा कपाळावर चढवून. पण त्या दिवशी बोट असं आपटत होतं, की शेजारी चपला शोधणाऱ्या बाई दोन पायऱ्या खाली सरकल्या.

“सोमेश, तुला लाज वाटली पाहिजे. अण्णा तुझ्या बापाच्या वयाचे आहेत. बाकीच्यांनाही सांगतो, ज्या माणसानं इथं निम्म्या लोकांना सायकलवर बसवलं त्याची तुम्ही कुकर म्हणून टर उडवता? मी उद्या स्वतः मैंदर्गीला जातो. अण्णांचं एक किलोमीटर जरी खोटं निघालं, तर मी चाकोरी सोडेन आणि पुन्हा या ग्रुपवर तोंड उघडणार नाही. विठ्ठलाच्या पायरीवर बसून शब्द देतो.”

सोमेशचं उत्तर लगेच आलं. “ठीक आहे काका. शब्द लक्षात ठेवतो.”

घरी रुक्मिणीबाईंनी ताट वाढलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं.

“आज कीर्तन कशावर होतं म्हणायचं?”

“क्षमेवर.”

“मग देवळात विसरून आलात वाटतं ती.”

“तू चेष्टा करू नकोस. चन्नप्पांना लबाड म्हणतायत ते.”

रुक्मिणीबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. चन्नप्पा हे नाव त्या घरात साधं नव्हतं.

पावणेदोन वर्षांपूर्वी एकनाथरावांच्या छातीत स्टेंट बसला. त्याआधी तेहतीस वर्षं ते शाळेच्या कचेरीत हेडक्लार्क. आवाज असा, की शिपाई दोन खोल्यांपलीकडून धावत यायचा. पण दवाखान्यातून घरी आले ते दुसरेच कुणी. जिना उतरायला घाबरायचे. देवळापर्यंतसुद्धा जायचे नाहीत. वाटेत काही झालं तर? कीर्तनाशिवाय चार महिने गेले, आणि रुक्मिणीबाईंना नवऱ्याच्या आजारापेक्षा त्याचीच धास्ती बसली. डॉक्टरांनी सायकल सांगितली. शेजारी राहणाऱ्या, कॉलेजात शिकवणाऱ्या राजनंदिनीनं त्यांना चाकोरीत घातलं. तिथं एकनाथरावांनी पहिलं वाक्य लिहिलं ते असं : “नमस्कार. माझ्याकडे सायकल आहे, पण मला भीती वाटते.”

पाच मिनिटांत एक व्हॉइस आला. घोगरा, सावकाश, कानडी हेल असलेला आवाज. “भीती वाटती तर बसू नका की. नुसती पुसून ठेवा सायकल. उद्या मला सांगा, पुसली का.”

त्यांनी पुसली. दुसऱ्या दिवशी आवाज म्हणाला, “आज हाताला धरून गेटापर्यंत न्यायची. बसायचं न्हाय हं, सांगून ठेवतो.” असं करत करत तिसऱ्या आठवड्यात एकनाथराव सिद्धेश्वर तलावाला वळसा घालून आले आणि घरी येऊन ढसाढसा रडले. त्याच शनिवारी कीर्तनाला पहिल्या रांगेत जाऊन बसले. त्यानंतर रोज पहाटे साडेपाचला चन्नप्पांचा आवाज यायचाच. रस्त्यावर कुठं मोर दिसला, कुणाच्या रानात ज्वारी फुलोऱ्याला आली, वारा कोणत्या अंगानं आहे. शाळेतल्या चाळीस माणसांत राहून जेवढी सोबत मिळाली नव्हती, तेवढी त्या न पाहिलेल्या माणसानं दिली. ग्रुपनंही दिलीच. रुक्मिणीबाईंच्या ऑपरेशनला रक्त लागलं, तेव्हा सकाळी सातला हेल्मेटसकट रक्तपेढीत उभा राहिलेला पहिला माणूस हाच सोमेश होता. म्हणून तर राग जास्त. परक्यानं बोललेलं माणूस झटकून टाकतं.

रात्रीपर्यंत त्यांनी चन्नप्पांना चारदा फोन लावला. उचलला नाही.

रविवारी उजाडता उजाडता एकनाथराव निघाले. सोलापूर ते मैंदर्गी चोपन्न किलोमीटर. त्यांनी आजवर एका दमात चाळीसच्या वर कधी मारले नव्हते. पण राग हा एक वेगळाच खुराक असतो. कुंभारी कधी मागं पडलं कळलं नाही. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला ते सोमेशला एकेक वाक्य सुनावत होते. “आकडे मोजतोस? माणूस मोज की!” हे एक त्यांना फार आवडलं, ते त्यांनी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. शेळ्या घेऊन निघालेला एक म्हातारा थांबून बघत राहिला. वळसंगला चहा घेतला, तोही रागात, जीभ पोळली. अक्कलकोटच्या अलीकडे समोरून वारा सुरू झाला आणि मांड्या बोलायला लागल्या, तरी ते थांबले नाहीत. अण्णा रोज याच वाऱ्यात चालवतात, मग मला काय झालंय?

मैंदर्गीत बाजाराच्या तोंडाशी त्यांनी पत्ता विचारला. “पेपरवाले चन्नप्पा” म्हटल्यावर दुकानदारानं बोटानं गल्ली दाखवली.

घराचं दार उघडंच होतं. ओसरीवर बाजेवर एक दणकट, पांढऱ्या मिशांचा माणूस बसला होता. कपाळाला भस्म, हातात फोन. उजवा पाय जमिनीवर टेकलेला. डावा पाय गुडघ्याखाली नव्हताच. धोतराचं टोक तिथं नीट दुमडून खोचलेलं होतं, आणि भिंतीला कुबडी टेकवलेली होती.

“बर्री, या, एकनाथराव,” तो घोगरा आवाज म्हणाला. “तुमी येणार माहीत होतं. कुंद्री. बसा.”

एकनाथराव बसले नाहीत. हेल्मेटही काढलं नाही.

“हा पाय कधी गेला?”

“दोन वर्सं झाली. श्रावणात. साखरेची जखम चिघळली.”

“म्हणजे तुम्ही मला सायकलवर बसवलंत तेव्हा...”

“तेव्हा न्हवता.”

अंगणात एक साधी, बिनगिअरची लेडीज सायकल उभी होती. तिच्याकडे बोट करून एकनाथराव म्हणाले, “मग रोजचे हे अठ्ठावीस किलोमीटर कुणाचे?”

“सुनेचे,” चन्नप्पा म्हणाले. “आमची रुपाली. अक्कलकोटला बालवाडीत शिकवती. जायचे चौदा, यायचे चौदा.”

काही माणसांचा राग दिशा बदलताना जरा थांबतो. एकनाथरावांचा थांबला नाही. चोपन्न किलोमीटर सोमेशसाठी रचलेलं सगळं त्यांनी त्या ओसरीवर ओतलं. तुम्ही मला फसवलंत. दोनशे माणसांना फसवलंत. मी तुमच्यासाठी देवाच्या पायरीवर शब्द दिला. कीर्तनात एखादी गोष्ट निघाली की मला वाटायचं, असा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. आणि तुम्ही इथं बाजेवर बसून मोर दाखवत होता मला!

“मोर खरा होता,” चन्नप्पा हळू म्हणाले. “रुपालीनं येऊन सांगितलेला.”

“पण तुम्ही पाहिला नव्हता!”

चन्नप्पांनी मान खाली घातली. मग बोलले ते तुटक तुटक. तीस वर्षं ते याच रस्त्यावर सायकलनं पेपर टाकत होते, पहाटे चारला उठून. पाय काढला तसं सगळं थांबलं. महिनाभर भाकरी गिळवत नव्हती. जुना फोन रुपालीला दिला, घरासाठी नवा आला. शाळा किती लांब पडते बघावं म्हणून तिनं एक दिवस जुन्या फोनातलं अ‍ॅप चालू केलं. त्यात नाव होतं चन्नप्पाचं, आणि ते ग्रुपला जोडलेलं. नकाशा आपोआप ग्रुपवर गेला. आणि इकडं घरात बसलेल्या चन्नप्पांच्या नव्या फोनवर धो धो मेसेज : अण्णा परत रस्त्यावर! अण्णा जिंदाबाद! तुम्हाला बघून मीपण आज सायकल काढली!

“त्याच दिवशी सांगायला पायजे होतं,” चन्नप्पा म्हणाले. “पण त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या, एकनाथराव. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग तिसऱ्या.”

“आणि मला जे सांगत होतात? गेटापर्यंत न्या, तलावापर्यंत जा? गादीवर बसून सांगायला काय जातंय?”

आता चन्नप्पांनी वर बघितलं, आणि त्यांच्याही डोळ्यांत राग होता.

“गादीवर बसून न्हाय सांगितलं. तुमाला भीती वाटत होती, मला काय वाटत न्हवती? परसाकडं जायला भीत होतो मी. तुमाला सायकल पुसा म्हटलं, त्या दिवशी मी ही कुबडी पुसली. तवर तिला हात लावला न्हवता. तुमी गेटापर्यंत गेला, मी उंबऱ्यापर्यंत गेलो. तुमी तलावाला गेला, त्या दिवशी मी मठापर्यंत गेलो, दोनदा पडलो. तुमाला आधी सांगायचो आन् मग मला करावंच लागायचं. किलोमीटर खोटे असतील. ते खोटं न्हवतं.”

हे ऐकून राग विरघळायला हवा होता. बुवांच्या कथेत विरघळला असता, टाळ वाजले असते. पण एकनाथरावांना तर अधिकच चीड आली. हे आधी सांगितलं असतं, तर त्यांचं प्रेम काय कमी झालं असतं? उलट... तेवढ्यात आतून पदर खोचलेली, पिठाच्या हातांची एक तिशीतली बाई बाहेर आली आणि तिनं पाण्याचा तांब्या एकनाथरावांपुढं आपटला.

“झालं का दोघांचं भांडून? आता माजं ऐका. काका, तुमी मगापासनं फसवलं फसवलं म्हणताय. तुमचं काय गेलं? चाकं कुणी फिरवली? मी! उनात मी, पावसात मी, ताप असला तरी मी. साडी चेनीत अडकून रस्त्यात पडले ती मी. आन् संध्याकाळी घरी आले की मामा फोन दाखवणार, बग रुपाली, आज पन्नास अंगठे आले. कुणाला? यांना!”

“रुपाली...” चन्नप्पा म्हणाले.

“गप बसा मामा. तुमी जेवायला लागला म्हणून मी दोन वर्सं गप बसले. नवरा पुण्याला, घरात हे उपाशी, मला काय सुचत न्हवतं. म्हटलं जाऊ दे, नावात काय असतंय. पण परवा त्यो फळा बगितला. पयला नंबर. तिथं माजं नाव कुटं हाय?”

एकनाथरावांनी हेल्मेट काढलं आणि पहिल्यांदा खाली टेकले.

“अण्णा,” ते म्हणाले, “ग्रुपवर तुम्हीच सांगा. आत्ता, माझ्यासमोर.”

चन्नप्पांनी फोन तोंडाजवळ धरला. त्यांनी सगळं सांगितलं. पाय, सून, पहिला दिवस, दोन भाकऱ्या. कुणाचीही कीव मागितली नाही. “सोमेश बरोबर बोलला. मी लबाडी केली,” असं म्हणून थांबले.

आधी राजनंदिनीनं लिहिलं, “अण्णा, पाय गेला आणि आम्हाला कळूसुद्धा दिलं नाहीत?” मग माढ्याच्या एका मास्तरांनी लिहिलं, की काल कुकरचं चित्र मी टाकलं होतं, मला जोडा मारा. मग सोमेश : “अण्णा, ऐकून वाईट वाटलं. तुम्ही इथंच राहा. पण नियम तो नियम. तुमचे दोन वर्षांचे आकडे फळ्यावरून पुसतोय.”

एकनाथरावांनी तिथल्या तिथं त्याला फोन लावला.

“पुसतोस काय? ते आकडे कुणीतरी पायानं मारलेत!”

“काका, अण्णांनी नाही मारले.”

“रुपालीनं मारलेत! बारा हजार किलोमीटर! तुझ्या त्या फळ्यावर आहे का एवढं कुणाचं? तुझं आहे का?”

“पण ती ग्रुपमध्येच नव्हती.”

“मग आता घे! आणि नाव बदल! पुसलंस तर बघ, तुझ्या दारात येऊन बसेन!”

पलीकडे बराच वेळ कळफलकाची टकटक ऐकू आली. मग सोमेश म्हणाला, “बरं. नंबर द्या त्यांचा. आकडे त्यांच्या नावावर चढवतो. चूक असेल तर सुधारलीच पाहिजे.” आणि आवाज उतरवून, “काका, तुमच्या शब्दाचं काय? मी आग्रह धरत नाही. राहू द्या वाटलं तर.”

“राहू द्या कसं? पायरीवर बसून दिलाय.”

चन्नप्पा बाजेवरून अर्धे उठले. “अवो एकनाथराव, माज्यापायी कशाला? मी बाहेर पडतो.”

“तुम्ही शब्द दिला नव्हता, मी दिला होता,” एकनाथराव खेकसले. “आणि तुमच्यावर मी अजून रागावलेला आहे, हे विसरू नका.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एका बोटानं ‘चाकोरी’तून बाहेर पडायचं बटण दाबलं. दीड वर्षाची सकाळ एका बोटात गेली. मग रुपालीनं आपटलेल्या तांब्यातलं पाणी ते घटाघटा प्यायले.

भाकरी खाऊन ते निघाले, तर रुपालीनं हात धुऊन आपली सायकल बाहेर काढली.

“अक्कलकोटपतुर येते.”

“आज रविवार ना? बालवाडी बंद असेल.”

“माहीत हाय. माज्या नावानं एकदा तरी जाऊन येते.”

ओसरीवर बसून तिनं फोनमध्ये काहीतरी दाबलं, नाव घातलं, पदर कमरेला घट्ट बांधला आणि निघाली. गावाबाहेर पडेपर्यंत एकनाथराव तिच्या बरोबरीनं होते. मग रस्ता मोकळा झाला, आणि त्या बिनगिअरच्या सायकलवरची बाई अशी सुटली, की बघत राहावं. एकनाथरावांच्या सायकलला एकवीस गिअर. त्यांनी होते नव्हते तेवढे बदलून पाहिले. एक चढ तिनं उभं राहून काढला, मागं वळूनही न बघता. पुढं पुढं तिची निळी साडी अंगठ्याएवढी झाली, मग ठिपक्याएवढी. त्या वेगात राग होता, हे मागून येणाऱ्या एकनाथरावांना अगदी नीट कळत होतं. सकाळी तेही तसेच आले होते.

अक्कलकोटच्या वेशीपाशी ती एका चिंचेखाली उभी होती. एकनाथराव धापा टाकत पोचले तेव्हा ती फोनकडं बघत होती आणि तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या.

“वाचा,” तिनं फोन पुढं केला.

चाकोरीवर तिचं स्वागत झालेलं होतं. फुलं, टाळ्या, हात जोडलेले. आणि त्याखाली सोमेश : “रुपालीताई, अभिनंदन. पण साध्या सायकलवर सरासरी बावीस? मागं-पुढं एखादी गाडी होती का? पुरावा द्या, म्हणजे फळ्यावर घेतो.”

एकनाथरावांच्या कानशिलं पुन्हा तापली. मी डोळ्यांनी पाहिलंय! ते तिच्या फोनवर ओरडायला वाकलेच होते, पण तोंड उघडणार नाही हा शब्द आठवला आणि दात आवळून गप्प बसले. त्यांच्या आयुष्यात एवढं अवघड मौन कधी घडलं नव्हतं.

रुपालीनं फोन स्वतःच्या तोंडाजवळ नेला.

“सोमेशदादा, गाडी न्हवती. मागं एकनाथकाका हुते, त्ये लई मागं हुते. तुमाला पुरावा पायजे ना? उद्या सकाळी पावणेसातला मी मैंदर्गीच्या वेशीत आसते. या की. माज्या मागं चालवून बगा, मग काय लिवायचं त्ये लिवा.”

मेसेज गेला. खाली सोमेशचं नाव आलं आणि पुढं ‘लिहीत आहेत’ असं दिसत राहिलं. बराच वेळ दिसत राहिलं. रुपाली थांबली नाही. तिनं फोन पिशवीत टाकला आणि सायकलचं मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं.

“पंप हाय का तुमच्याकडं?”

एकनाथरावांनी पंप काढला आणि स्वतःच खाली बसून हवा भरू लागले. राग अजून उतरला नव्हता, त्यामुळं हवा चांगली भराभर जात होती.